भावकाईचा पाला

तन्वीर मुल्लाचा फोन आला तेव्हा विशाखा गवाणकर गिरणीतून आणलेलं मेतकूट डब्यात भरत होती. हात पिवळे होते, म्हणून तिने फोन कोपराने उघडला.

"ताई, बसल्या आहात ना? सरांचा नकाशा सिद्ध झाला. यंत्रानं सिद्ध केला."

तन्वीरची पन्नाशी उलटून गेली होती, कोल्हापुरात तो प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख होता. पण चौगुले सरांचा विषय निघाला की आवाज पुन्हा तेवीस वर्षांच्या पोराचा व्हायचा. सर जाऊन अकरा वर्षं झाली होती. तन्वीर त्यांचा शेवटचा विद्यार्थी, विशाखा त्याच्या आधीची. एकाच घरात वाढल्यासारखं दोघांचं नातं होतं. तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्याशी भांडायचाही हक्काने.

"नांगरमुठीची भावकाईची देवराई आणि सातेवळ्याची म्हातारदेवाची राई, दोन्हीकडची माती वाचली. दोन्हीकडचा तिळ्या एकच. यंत्र सांगतंय, ताई, आता कुणाची शंका घ्यायची छाती नाही."

विशाखाने मेतकुटाचा डबा खाली ठेवला. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता.

"फक्त एक वाईट झालंय," तन्वीरचा आवाज उतरला. "तिळ्या दोन्हीकडे आहे, म्हणजे नांगरमुठीच्या राईला पर्याय आहे असं धरलं जाणार. वीजप्रकल्पाचा वरचा तलाव तिथंच ठरतोय. चंदगडला बारा दिवसांनी सुनावणी आहे."

यंत्राचं सरकारी नाव मृदावाचक. गावोगावचे लोक त्याला नुसतं 'वाचक्या' म्हणत. दिसायला पाच लिटरच्या कुकरएवढं. त्यात चमचाभर माती घातली की त्या मातीत वावरलेल्या प्रत्येक जिवाची खूण ते वाचायचं. कुणाची कात, कुणाचं फुटकं अंडं, कुणाचा गळलेला पाय, प्रत्येक कणात त्या त्या जिवाचा डीएनए असतोच. दोन तासांत यादी तयार. ज्या यादीसाठी चौगुले सरांनी तीस वर्षं गुडघे झिजवले ती आता चहा होईस्तोवर हातात पडत होती. मग सरकारनेही नियम केला, कारण यादी हातात आली की नियम करायचा मोह कुणाला आवरत नाही. एखाद्या रानातला प्रत्येक जीव दुसऱ्या राखीव रानात सापडत असेल, तर पहिलं रान कामासाठी देता येईल. मात्र दुसरी वस्ती निसर्गतः झालेली हवी. माणसाने नेऊन सोडलेली वस्ती पर्याय म्हणून चालणार नाही.

हे शेवटचं कलम विशाखाने फोन ठेवल्यावर तीनदा वाचलं. तिला सदतीस वर्षांपूर्वीची एक गोणी आठवली.

तिळ्या हे नाव सरांचं. दोन मिलिमीटरचा तपकिरी जीव, पांढऱ्या कापडावर पडला की तीळ सांडल्यासारखा दिसतो, आणि मग तो तीळ चालायला लागतो. आठ पाय असले तरी तो कोळी नाही. कोळ्याची कंबर बारीक, याला कंबरच नाही. जाळं नाही, विष नाही. याच्या गोतातले लांब तंगड्यांचे भाऊबंद ओल्या भिंतीवर झुलताना पुष्कळांनी पाहिलेले असतात. तिळ्याची शाखा त्या सगळ्यांहून जुनी. जमिनीवर झाडं धड उभी राहायला शिकत होती, तेव्हापासूनचं, चाळीस कोटी वर्षांचं हे घराणं. डोळे नाहीत, पाय आखूड, ऊन लागलं की सुकून मरायचं. पोहता येत नाही, उडता येत नाही. जन्मल्या झाडाखालून मरेपर्यंत फार तर शेजारच्या झाडाखाली. आणि तरी त्याचे चुलतभाऊ श्रीलंकेत, मादागास्करात, न्यूझीलंडात.

हे सांगताना सर वर्गात खडू खाली ठेवायचे. "तो कुठंच गेला नाही रे," म्हणायचे. "जमिनी गेल्या. तो आपला बसून होता."

म्हणूनच प्रत्येक डोंगराचा तिळ्या वेगळा. हे वेगळेपण ओळखायचं तर नराच्या मागच्या पायावरचा एक काटा सूक्ष्मदर्शकाखाली बघून कागदावर काढायचा. विशाखाने असे काटे दहा वर्षं काढले. तिच्या आईला ते कधीच समजलं नाही. शेजारणींना ती सांगायची, पोरगी किड्यांच्या पायातले काटे काढते, आणि बायका म्हणायच्या, दयाळू आहे हो.

सरांचे दोन नियम होते. पहिला चिठ्ठीचा. बाटलीत नमुना ठेवला की आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालायची: कुठे सापडला, कधी, कुणाला. पुढे ती चुकीची ठरली तरी फाडायची नाही. तिच्याशेजारी दुसरी घालायची. "आपली चूकही नमुनाच आहे," म्हणायचे. दुसरा नियम पाल्याचा. राईतलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही ही नांगरमुठीची रीत. तातोबा गुरवाने सरांना एक गोणी पाला न्यायला दिला, तो एवढ्याच बोलीवर की चाळून झाला की जिथला तिथे परत यायला हवा. सरांना ही बोली इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या रानांना लावून टाकली. "पाला पाहुणा आहे," म्हणायचे. "ज्याच्या घरचा, त्याच्या घरी पोचवायचा."

नोव्हेंबर दोन हजार दहा. मुक्काम सातेवळ्याच्या शाळेत, नांगरमुठीपासून अठरा किलोमीटर, मधे दोन नद्या. शाळेच्या व्हरांड्यात पांढरं कापड पसरून, तारेच्या चाळणीतून भावकाईचा पाला चाळला, आणि चौथ्या चाळणीला कापडावर तीळ चालायला लागला. सर पालथे पडले होते, नाक कापडाला टेकलेलं. चिमट्याने धरताच तिळ्याने आपला औषधासारखा उग्र वास सोडला. सर म्हणाले, "गवाणकर, हुंगून ठेवा. असला वास कुठल्या पुस्तकात छापत नाहीत." अकरा तिळे मिळाले. त्या दिवसाइतकं निखळ सुख विशाखाला पुढे पुष्कळ वर्षं मिळालं नाही, आणि त्याची आठवण आली की ती आजही एकटीच हसायची.

दुसऱ्या दिवशी सर जीप घेऊन बेळगावला गेले. गोणी परत पोचवायचं काम विशाखाचं. नांगरमुठीला एसटी सकाळी एकच जायची आणि तीच संध्याकाळी परतायची. आणि विशाखाला दुपारच्या गाडीने गारगोटीला घर गाठायचं होतं, कारण उद्या तिला बघायला पाहुणे येणार होते. तिने गोणीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. शाळेच्या मागेच म्हातारदेवाची राई होती. पाला तो पाला, ही राई काय नि ती राई काय. तिने गोणी तिथे उपडी केली, हात झटकले आणि नांगरमुठीच्या दुकानात फोन करून तातोबाला निरोप ठेवला, पाला पोचवला म्हणून.

ज्या पाहुण्यांसाठी ही धावपळ, त्यांनी मुलगी रानावनात फिरते असं म्हणून नकार कळवला.

तीन वर्षांनी नवा विद्यार्थी तन्वीर म्हातारदेवाच्या राईतला पाला चाळून नाचत आला. तिथेही तिळ्या! तोच काटा, तसाच वास. सरांचे डोळे भरून आले. जो जीव एक ओढासुद्धा ओलांडत नाही तो दोन नद्यांच्या दोन तीरांवर सारखाच, म्हणजे पाच-सातशे वर्षांपूर्वीपर्यंत नद्यांच्या उगमांना वळसा घालून सलग अरण्य असणार. त्यातून तो नकाशा झाला. पाठ्यपुस्तकात गेला, सरांचं नाव झालं, तन्वीरचं आयुष्य उभं राहिलं. विशाखाने टाळ्या वाजवल्या. गोणीतले सगळे तिळे आपण टिपले होते, एकही मागे राहिला नव्हता, असं तिने स्वतःला बजावलं. मग हेच पुढे इतकं जुनं झालं की बजावावंही लागेना.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नांगरमुठीला गेली. तातोबा वारला होता. आता त्याची लेक रुक्मा देवीचं करत होती, पासष्टीची, काटक, तोंडाने फटकळ.

"या बाई. लई दिसानं आलासा."

दोघी पायताणं काढून राईत शिरल्या. आत दुपारीही गारवा होता. मोठ्या जांभळाच्या बुंध्याशी चार दगड मांडलेले होते, शेवाळाने हिरवे झालेले.

"हे कशाचे?" विशाखाने विचारलं.

"बाबांनी लावल्यात. तुमी पाला न्हेला त्या दिशी. परत आनाल तवा जागा चुकू नये म्हनून."

विशाखा तिथेच मुळावर बसली. "रुक्माबाई, तो पाला मी आणलाच नाही."

"म्हाईत हाय की."

विशाखाने वर पाहिलं.

"दुसऱ्या दिशी बाबा सांजचं आलं तर जागा उघडीच. आई म्हनली, पोरगी खोटारडी हाय. बाबा म्हनलं, आगं, गाडी चुकत असंल तिची. आनंल पुढल्या वक्ताला." रुक्माने पदराने कपाळ पुसलं. "त्याच्या म्होरं तुमी धा-बारा डाव आलासा. दर डावाला त्यास्नी वाटायचं, आज बोलंल. तुमी चा पिऊन जायाचासा."

विशाखाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. त्या म्हाताऱ्याच्या घरचा गुळाचा चहा, त्याने फडक्यात बांधून दिलेली करवंदं, सगळं एकदम आठवलं. रुक्मा जवळ उभी राहिली, पण समजूत घालायला आली नाही.

"रडून झालं की सांगा," ती म्हणाली. "तुमच्यापायी तलाव येतोय. देवीनं पान्यात बसून गप ऱ्हायाचं का तुमी बोलनार?"

विशाखा तिथून थेट कोल्हापूरला गेली. तन्वीरच्या खोलीत टेबलामागच्या भिंतीवर नकाशा होता, दोन राया आणि मधे सरांनी स्वतः रंगवलेला हिरवा पट्टा. तिने त्याच्याकडे पाठ करून सगळं सांगितलं, कारण समोर बघून सांगणं जमेना.

तन्वीरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तुम्ही गावासाठी खोटं बोलताय."

शिव्या खायची तिची तयारी होती, पण या उत्तराची नव्हती.

"मला कळतं, राई वाचायला हवी. मलाही हवीय. पण त्यासाठी सरांना खोटं पाडायचं? आणि मला? मी तिथं चार दिवस पालथा पडून तो तिळ्या काढलाय, ताई."

"तू काढलास. मी टाकला होता."

"सर असते तर तुम्ही हे बोलला असतात?"

"नाही," विशाखा म्हणाली. "सर असते तर मी आजही बोलले नसते. तेवढी हिंमत माझ्यात कधीच नव्हती."

खोटं बोलणारा माणूस असलं काही सांगत नाही, हे तन्वीरलाही कळत होतं.

"यंत्राला विचार," ती म्हणाली. "आतापर्यंत तू त्याला 'एकच की वेगळे' एवढंच विचारलंस. आता विचार, किती आयांची लेकरं. आईकडून लेकराला जाणारी खूण बदलत नाही, तुला मी सांगायला नको. सरांचं अरण्य खरं असेल तर म्हातारदेवात पुष्कळ आया निघतील. माझी गोणी असेल तर एक-दोन."

"पुष्कळ निघाल्या तर?"

"तर मी खुळी आणि सर खरे. मग राई वाचवायला दुसरं काहीतरी शोधू."

खरं सांगायचं तर तिच्या मनाची एक बाजू तेच मागत होती. हिरवा पट्टा खरा निघावा, सर खरे निघावेत, आपली गोणी निर्दोष निघावी, आणि राईही कशी तरी वाचावी. माणसाचं मन हिशेबाला फार कच्चं असतं.

या प्रश्नाला नुसती माती पुरत नव्हती. मातीत सगळ्यांच्या खुणा कालवलेल्या. एकेक जिवाची खूण वेगळी हवी तर जिवंत तिळेच धरायला हवेत. तन्वीरच्या विभागात चाळणीच नव्हती. सरांची चाळण विशाखाच्या माळ्यावर होती, तिच्यात ती कुरडया वाळवायची.

सातेवळ्याची शाळा बंद पडली होती, पण व्हरांडा होता. तन्वीरने पांढरी चादर पसरली. विशाखा म्हातारदेवाच्या राईतून गोणी भरून आली, आणि पाला काढला त्या जागी न विसरता चार दगड मांडून आली. मग दोघं पालथी पडली. तिचे गुडघे बोलायला लागले, त्याचं पोट आड येत होतं.

"पंधरा वर्षं मी जिवंत तिळ्या पाहिला नाही, ताई," तो म्हणाला. "माझ्या विभागातल्या पोरांनी तर कधीच नाही. त्यांना तो फक्त आकड्यात माहीत."

"बोलू नकोस. कापडाकडे बघ."

पहिल्या दोन चाळण्या रिकाम्या गेल्या. तिसरीला विशाखाचं बोट आपोआप एका ठिपक्याकडे गेलं. ठिपका हलला नाही. मग ठिपका चालायला लागला.

तन्वीरने चिमट्याने तो अलगद उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. विशाखाला ओळखीचा उग्र वास आला आणि क्षणभर तिथे तिसरं माणूस असल्यासारखं वाटलं, जुन्या विजारीतलं, नाक कापडाला टेकलेलं. तन्वीरलाही तसंच वाटलं असणार, कारण तो हळूच म्हणाला, "सर आत्ता म्हणाले असते, मुल्ला, चष्मा पुसा."

संध्याकाळपर्यंत एकतीस झाले. निघायच्या आधी विशाखाने चाळलेला पाला पाठीवर घेतला, चार दगडांपाशी नेऊन पसरला आणि हाताने सारखा केला. दुसऱ्या दिवशी रुक्माला विचारून भावकाईचाही पाला त्यांनी असाच चाळला आणि जिथला तिथे पसरला.

दोन दिवसांनी यंत्राने उत्तर दिलं. भावकाईच्या राईतून धरलेल्या तिळ्यांत एकोणीस आया. म्हातारदेवाच्या एकतिसांत एक. वस्तीचं वय फार तर चाळीस वर्षं.

तन्वीरने आकडे दोनदा पाहिले आणि उठून बाहेर गेला. विशाखा नकाशासमोर बसून राहिली. ज्या पट्ट्यावर सरांनी इतक्या मायेने हिरवा रंग दिला तिथे अरण्य होतं की नव्हतं, हे आता कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते तिच्यामुळे. एक मादी गोणीच्या शिवणीत राहिली असेल, पोटात अंडी घेऊन. चाळीस कोटी वर्षं कुठेही न गेलेल्या घराण्यातली एकटी बाई अठरा किलोमीटर आली होती, आणि तेही पाहुणे यायचे होते म्हणून.

तन्वीर परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "सुनावणीत हे मी वाचतो," तो म्हणाला. "तुम्ही वाचलंत तर म्हणतील, रिटायर बाई आहे, भावनेच्या भरात बोलते. मी वाचलं तर ऐकतील. नुकसान माझंच आहे ना."

"तन्वीर—"

"मला अजून तुमचा राग आलेला आहे, ताई. तो राहू द्या थोडे दिवस."

चंदगडच्या सभागृहात त्याने पंधरा मिनिटांत सगळं वाचून दाखवलं, स्वतःचा पहिला शोधनिबंध मागे घेतो हेही. मग विशाखाने उभं राहून गोणीची हकीकत सांगितली. प्रकल्पाच्या वकिलाने विचारलं, एका किड्याच्या एका आईवरून एवढा प्रकल्प हलवायचा का? अधिकारी कलम शोधू लागले. तेवढ्यात रुक्मा उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"सायेब, मला त्या यंत्रातलं कळत न्हाई. पर ह्यांचं मला इतकंच समजलं, का आमच्या भावकाईची एक लेक तिकडं म्हातारदेवाच्या राईत दिली, आन तिचा संसार झाला. बरं झालं. पर लेक सासरी नांदतीया म्हनून कुनी तिचं म्हायेर पान्यात घालतं व्हय?"

सभागृहात हशा पिकला, आणि मग कुणी हसेना. अधिकाऱ्यांना कलम सापडलं. माणसाने नेलेली वस्ती पर्याय धरता येत नाही. महिन्याने आदेश निघाला, नांगरमुठीची राई तलावाच्या नकाशातून बाहेर काढली गेली.

आदेश आला त्या आठवड्यात तन्वीरने विशाखाला संग्रहालयात बोलावलं. आपल्या खोलीतला नकाशा त्याने उतरवलेला नव्हता. कपाटातून त्याने एक बोटाएवढी बाटली काढली. तिच्यात त्याचे दोन हजार तेराचे तिळे होते आणि दोन चिठ्ठ्या. एक त्याची: सातेवळे, म्हातारदेवाची राई, त. मुल्ला. दुसरी सरांच्या किरट्या अक्षरातली: दोन्ही राया सलग!

सरांच्या हातची ती एकच उद्गारखूण विशाखाने आयुष्यात पाहिली होती.

"ही काढायची का?" तन्वीरने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. त्याने कोरी चिठ्ठी आणि टोक केलेली पेन्सिल तिच्यासमोर ठेवली.

विशाखाने चष्मा पुसला. नखाएवढ्या कागदावर जेमतेम तीन ओळी मावतात. तिने लिहिलं: मूळ ठिकाण नांगरमुठी, भावकाईची राई. नोव्हेंबर २०१०. आणणारी: वि. गवाणकर.

तिने चिठ्ठी बाटलीत सोडली. ती गिरक्या घेत खाली गेली आणि सरांच्या चिठ्ठीला टेकून उभी राहिली. तन्वीरने बूच लावलं आणि बाटली पुन्हा आपल्या जागी ठेवली.

"चला ताई," तो म्हणाला, "नांगरमुठीला जाऊन येऊ. रुक्माबाई चहाला बोलवतायत."

"या वेळी चहाच्या आधी तातोबाच्या दगडांपाशी बोलते," विशाखा म्हणाली, आणि तिने पिशवी उचलली.